मुठ्याची राहिलेली अंघोळ

दोराचं एक टोक टकळीच्या हातात होतं आणि दुसरं सुईणआत्याच्या. मधे अंगणभर तीन पेड ताणलेले. चर्चच्या आवारातली विहीर खोल चालली होती, जुना दोर पुरेना, म्हणून आत्या नवा वळत होती. टकळी नऊ वर्षांची. तिचं खरं नाव शाळेत हजेरीपुरतं. घरात टकळीच, कारण तोंड एकदा सुरू झालं की सूत संपेपर्यंत थांबायचं नाही. दोन आठवड्यांनी, रविवारी, तिची पहिली कम्युनियन, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरीचा पहिला घास, होता. त्यामुळे सध्या सगळं सूत धर्मशिक्षणाच्या पुस्तकातलं निघत होतं.

"विचार ना आजी!"

"काय विचारू? दोर ताठ धर आधी."

"धरलाय. बाप्तिस्मा कशानं देतात, असं विचार."

"बरं बाई. बाप्तिस्मा कशानं देतात?"

"पाण्यानं!" टकळीनं एका दमात सुरू केलं. "विहिरीचं, नदीचं, पावसाचं, कुठलंही चालतं. गढूळ असलं तरी चालतं. पण पाणीच पाहिजे. तेल चालत नाही, सरबत चालत नाही, दूध चालत नाही. दुसरं काही ओतलं तर तो बाप्तिस्मा झालाच नाही!"

आत्याच्या हातातून पेड सुटला. सकाळपासून भरलेला पीळ सरसर उलटा फिरला आणि दोराचा अंगणात गुंता झाला.

"आजी! केलंस ना सगळं वाया!"

"दूध चालत नाही, असं कोण म्हणालं?"

"फादर म्हणाले. पुस्तकात पण आहे. आम्ही सगळी हसलो. दुधानं कोण बाप्तिस्मा देईल? वेडं आहे का कुणी?"

होती. एक वेडी होती, आणि ती आत्ता टकळीसमोर गुडघ्यांवर बसून गुंता सोडवायचं सोंग करत होती.

अडतीस वर्षांपूर्वी असंच कोरडं वर्ष होतं. आत्याची वहिनी सातव्या महिन्यात अडली. भाऊ पिंप घेऊन पाण्याला गेलेला, तो दुपार कलली तरी आला नव्हता. घरातलं शेवटचं घोटभर पाणी आत्यानं वहिनीच्या ओठांना लावलं. मूल झालं ते मुठीएवढं. काळंनिळं, आवाज नाही, श्वास आहे की नाही कळेना. आत्याला सुईणपण शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टरनं शंभर वेळा बजावलं होतं, मूल हातचं जातंय असं वाटलं तर फादरची वाट बघू नकोस. तीनदा धार धर आणि शब्द म्हण. शब्द आत्याला पाठ होते. पण धार कशाची धरणार? मडकी पालथी पडलेली. दारात शेळी बांधलेली होती. आत्यानं तिला ओंजळभर पिळली, पोराच्या टाळूवर तीनदा धार धरली आणि म्हणाली, "मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." पोरानं टाहो फोडला. उरलेलं दूध तिनं चिंधी बुडवून बुडवून त्याच्या ओठांत सोडलं. दिवस मावळायच्या आत वहिनी गेली.

तेव्हाच्या फादरनी पुढे विचारलं होतं, "शब्द बरोबर म्हणालीस?" तिनं म्हणून दाखवले. त्यांनी मान डोलावली, पोराला तेल लावलं, नाव लिहून घेतलं. काय ओतलंस, हे त्यांनी विचारलं नाही. पाणी सोडून दुसरं काय कुणी ओतेल? आणि आत्यानंही सांगितलं नाही, कारण तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. उलट मनातल्या मनात तिला जरा तोराच होता. लोक देवाला पाणी देतात, आपण दूध दिलं.

त्या मुठीएवढ्या पोराचं नाव पडलं मुठ्या. बाप चार वर्षांनी गेला, आत्यानंच त्याला वाढवलं. आता मुठ्या, टकळीचा बाप, दारातून वाकल्याशिवाय आत येत नव्हता. आणि तो विहिरी खोदायचा. या घडीला चर्चच्या त्याच विहिरीत साठ हात खाली, ढिगारभर दगडमातीत, एकटा उभा होता. बाप्तिस्म्यावाचून.

आत्यानं घाईघाईनं पीळ पुन्हा भरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर हजर. रहाटावर सूनबाई, म्हणजे मुठ्याची बायको, आणि लोहार. दुष्काळात लोहाराचा भाता थंड होता, म्हणून तो पहारींची टोकं ठोकून द्यायचा आणि उरलेला वेळ रहाट ओढायचा. तोंडाला त्याच्या कुलूप नव्हतं.

"काय सुईणबाई, इथं कोण अडलंय?"

"तू आपला रहाट बघ."

ती काठावरच्या दगडावर बसली. खालून पहारीचा आवाज यायचा, ठण्, ठण्. आवाज थांबला की हिचा जीव टांगणीला. "मुठ्या!" म्हणून हाक मारायची. खालून "ओ!" आलं की परत बसायची. दिवसभरात अशा चाळीस हाका झाल्या असतील.

संध्याकाळी मुठ्या वर आला तो नखशिखांत पांढऱ्या चिखलाचा. अंग धुवायला त्याच्या वाट्याला अर्धी बादली होती. तो परसात उकिडवा बसला, डोळे मिटून तोंडावरचा चिखल चोळत. आत्या मागून आली, हातात प्यायच्या पाण्याचा मग. मनाशी म्हणत होती, त्याला कळायचंही नाही. काम होऊन जाईल. तिनं मग कलता केला. "मी तुला पिता..."

"आत्या!" मुठ्या ताडकन उठला. "प्यायचं पाणी ते! डोकं फिरलंय का तुझं?"

अर्धा मग मातीत गेला. दोघांनी खाली बघितलं. मातीनं पाणी कधीच पिऊन टाकलं होतं.

"केसांत चिखल होता तुझ्या," आत्या कशीबशी म्हणाली.

"मग राहू दे की. चिखलानं कुणी मेलं नाही."

आत्या आत जाऊन चुलीपुढे बसली. तिची तिलाच लाज वाटली. तान्ह्या मुलाला बोलता येत नाही, मरणाऱ्याला बोलता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीनं आपण बोलतो. हा तर धडधाकट, बोलता-चालता बाप्या. त्याच्या पाठीमागून चोरून द्यायची ही गोष्ट नव्हे, एवढं तिला पुस्तक न वाचताही कळत होतं.

तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना. फुटला तो चौथ्या दिवशी, तोही तिच्याच हातच्या चुकीमुळे. दोरात त्या दिवशी गुंता झाला होता ना, तिथला पीळ तिनं घाईत पुन्हा भरला होता. तो ढिला राहिला. दगडांनी भरलेली पाटी अर्ध्यावर आली आणि तिथं एक पेड तुटला. पाटी कलली. एक दगड सुटून खाली गेला.

सूनबाई किंचाळली. आत्या काठावर आडवीच झाली. "मुठ्या! मुठ्या रे!"

खाली धूळ. आवाज नाही.

मग खोकला आला, आणि खोकल्यामागून आवाज. "आहे. आहे. खांदा सोललाय. दोर कुणी वळला हा?"

लोहारानं आत्याकडे बघितलं. आत्या तिथं नव्हती. ती चर्चच्या पायऱ्या चढत होती.

फादर वयानं तिच्या निम्मे. ते हातात झाडू घेऊन धूळ काढत होते. आत्यानं बसायचीही वाट बघितली नाही, उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. फादर हसले नाहीत. त्यांनी झाडू टेकवून ठेवला आणि बाकावर तिच्या शेजारी बसले.

"मला सांगा, नवं मूल हातात आलं की तुम्ही काय काय करता?"

"काय करणार? आधी अंघोळ घालते. मग तेल चोळते. मग आईच्या छातीशी देते."

"आपणही तेवढंच करतो. बाप्तिस्मा ही अंघोळ. जुनं धुऊन टाकायचं आणि मूल घरचं झालं म्हणायचं. मग दृढीकरणाचं तेल, हाडं घट्ट व्हावीत, जगात उभं राहता यावं म्हणून. आणि मग जेवण. घरचा झाला म्हणजे घरच्यांच्या पंगतीत बसणारच. स्नान, तेल, घास. या तिन्हींनी माणूस पुरता आत येतो."

आत्या ऐकत होती. तिच्या हातांनी गावातली निम्मी मुलं याच क्रमानं न्हाली होती, चोळली होती, पाजली होती. तिला हे कुणी असं कधी सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे मी अंघोळ न घालताच पाजलं त्याला," ती म्हणाली.

आता मात्र फादर हसले. "हो. तसंच झालं."

"हसू नका हो. अडतीस वर्षं तो तुमच्या पंगतीत बसतोय. देवानं त्याला ओळखलंच नसेल का?"

"आत्या, पाण्याचा नियम देवानं आपल्याला घालून दिलाय, स्वतःला नाही. तुमच्या मुठ्याला त्यानं एक दिवस उपाशी ठेवलं नसेल. पण आता आपल्याला कळलंय. कळल्यावर राहिलेलं करायचं, एवढंच. त्याचं चर्चमधलं लग्नही बाप्तिस्म्यावरच उभं होतं, पण त्या कागदाचं मी बघतो, त्याची काळजी नको. मुठ्याला मी सांगू का?"

"ओतलं मी," आत्या म्हणाली. "सांगते मी."

दुपारी झाडाखाली जेवताना तिनं सांगितलं. खांद्याला फडकं बांधून मुठ्या पाव खात होता. खाता खाता त्याचा जबडा थांबला.

"म्हणजे माझा बाप्तिस्माच नाही?"

"नाही."

"दृढीकरण? बिशपनी तेल लावलं होतं ते?"

"फादर म्हणतात, पायाच नव्हता, तर भिंत कशावर..."

"आणि कम्युनियन? दर रविवारी मी जातो ती?"

मुठ्यानं उरलेला पाव फडक्यात गुंडाळला, उठला आणि गाठ मारून घेतलेला दोर धरून खाली उतरला. त्या दिवशी आत्यानं हाका मारल्या तेव्हा खालून "ओ" आलं नाही. फक्त पहार वाजत राहिली. तेवढ्यावर आत्यानं भागवलं.

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. रागाचा मुठ्या आत्याला माहीत होता; दोन भांडी आपटायचा आणि मग स्वतःच उचलायचा. हा गप्प मुठ्या तिच्या ओळखीचा नव्हता. सूनबाईनं एकदा गंमत करून बघितली, "पंधरा वर्षं मी संसार कुणाशी केला ते तरी सांगा," पण तोही तीर वाया गेला.

बातमी गावात फुटलीच. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरपाशी बायकांची रांग होती. आत्या दोन डबे घेऊन उभी. बेकरीवालीची तिन्ही बाळंतपणं आत्यानं केलेली, मधली पोरगी तर अशीच घाईत बाप्तिस्मा देऊन वाचवलेली.

"सुईणबाई, माझ्या पोरीला काय ओतलं होतंत? ताक?"

रांग खो खो हसली.

"पाणी होतं," आत्या म्हणाली. "तुझ्याच घरचं. निळ्या जगमधलं."

"आता आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? उद्या म्हणाल चहा होता."

पुन्हा हसणं. चाळीस वर्षं या बायकांच्या उशाशी रात्री काढल्या होत्या तिनं. आता कुणाच्याच नजरेला नजर देता येईना. ती डब्याच्या झाकणाशी चाळा करत राहिली.

"बेकरीवाल्या वहिनी," मागून आवाज आला. मुठ्या कधी आला कुणी बघितलं नव्हतं. पांढऱ्या चिखलानं माखलेला, खांद्याला फडकं. "त्या दिवशी आमच्या घरात पाण्याचा थेंब नव्हता. असता तर तिनं पाणीच ओतलं असतं. तुमच्या घरी जग भरलेला होता म्हणून तुमच्या पोरीला पाणी मिळालं. बास झालं आता."

त्यानं आत्याच्या हातातून दोन्ही डबे घेतले, भरले आणि घराकडे चालू लागला. आत्या मागून.

"दूध किती होतं?" त्यानं पुढे बघतच विचारलं.

"ओंजळभर. शेळीच आटलेली."

"त्यातलं थोडं माझ्या डोक्यावर, उरलेलं माझ्या पोटात."

"हो."

"मग तू काय प्यालीस?"

आत्याला आठवेना. अडतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, तिनं स्वतःलाही नाही.

"मला कुठं तहान होती तेव्हा," ती म्हणाली.

मुठ्या थांबला. डबे खाली ठेवले. चिखलाच्या मनगटानं डोळे पुसायला गेला आणि डोळ्यात चिखल गेला. "च्यायला," तो म्हणाला, मग हसला, मग रडला, आणि रस्त्यात एवढा मोठा गडी रडतोय म्हणून पुन्हा हसला.

"फादरना सांग, मी येतो. टकळीच्याच रविवारी. पण पाणी टँकरचं नको. माझ्या विहिरीचं पाहिजे."

"अरे, विहिरीला पाणी कुठं लागलंय?"

"लागेल."

"आणि तोवर तुला खाली काही झालं तर?"

"मग तू वर बसलेली असतेसच की. ओत वरून." तो डबे उचलता उचलता म्हणाला, "पण या खेपेला पाणी ओत."

आत्यानं ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून विहिरीच्या काठावर ती बसायची ती मांडीवर पाण्याची बाटली घेऊन. तहान लागली तरी झाकण उघडायची नाही. लोहार म्हणाला, "सुईणबाई, एक घोट तरी द्या." तिनं बाटली ओढणीखाली लपवली.

संध्याकाळी टकळीची शाळा भरायची. बाप मांडी घालून समोर.

"पवित्र आत्म्याची दानं किती?"

"सहा."

"सात! बाबा, परवाच शिकवली होती. आमेन म्हणायचं ते कधी?"

"घास दिल्यावर."

"आधी! आधी आमेन, मग घास. आणि चावत बसायचं नाही, मुकाट्यानं खायचं. तुम्ही जेवताना आवाज करता."

"एवढं सगळं करून मला आत घेणार आहेत की नाही?"

"मी सांगेन फादरना," टकळी मोठ्या उदारपणे म्हणाली.

शुक्रवारी दुपारी पहारीचा आवाज बदलला. ठण् नाही, थप्प. आत्या बाटली घेऊन उभी राहिली. "मुठ्या?"

ती काठाशी वाकली.

"मुठ्या!" तिनं झाकणाला हात घातला.

"ओ आत्या," खालून आवाज आला, अगदी हळू. "माझे पाय भिजलेत."

पाटीतून वर आलं ते पाणी कसलं, पातळ चिखलच. पण सूनबाईनं त्यात हात घातला आणि हात गालाला लावला. लोहारानं टोपी काढली. बादलीभर तो चिखल फादरच्या खोलीत दोन दिवस झाकून ठेवला. रविवारपर्यंत गाळ खाली बसला आणि वर एक जग भरेल एवढं पाणी निवळलं.

रविवारी पुढच्या बाकावर पांढऱ्या कपड्यातली अकरा मुलं आणि त्यांच्या टोकाला मुठ्या. इस्त्रीचा सदरा त्याला खांद्यात घट्ट होत होता. मागे कुजबुज चालली होती, बेकरीवालीनं मान उंच केली होती. मुठ्याचे कान लाल झाले. टकळीनं त्याचा हात धरून ठेवला.

फादरनी त्याचं खरं नाव पुकारलं, तेव्हा निम्म्या लोकांनी शेजाऱ्याला विचारलं, हा कोण? मुठ्या उठून बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी गेला. धर्ममाता म्हणून शेजारी आत्या. कुंड तान्ह्यांच्या मापाचं, त्याच्या मांडीला लागेल एवढं. त्याला गुडघ्यांवर बसून मान पुढे काढावी लागली. फादरनी जग उचलला. आत्याचा हात आपोआप पुढे गेला. सुईणीचा हात तो, डोकं अधांतरी बघवत नाही त्याला. तिनं त्याच्या कपाळाखाली तळवा धरला, दुसरा मानेवर. मुठ्यानं डोक्याचा सगळा भार तिच्या हातात सोडला.

पाणी तीनदा आलं. गार, मातीच्या वासाचं. तिच्या बोटांमधून कुंडात गळत राहिलं.

मग फादरनी कपाळावर तेलाचा क्रूस काढला. "पवित्र आत्म्याच्या दानाची मोहोर स्वीकार." आत्याचा उजवा हात त्याच्या खांद्यावर होता, सोललेल्या खांद्याच्या अलीकडे. तेल नीट जिरवावं म्हणून तिची बोटं शिवशिवत होती. तिनं ती आवरली.

कम्युनियनला बाप आणि लेक शेजारी उभे राहिले. "ख्रिस्ताचं शरीर." "आमेन," टकळी म्हणाली. "आमेन," मुठ्या म्हणाला, वेळेवर, घासाच्या आधी. त्याच्या मिशीतून अजून पाणी ठिबकत होतं. परत येऊन तो आत्याशेजारी गुडघे टेकून बसला. टकळी दोघांच्या मधून डोकावून पुटपुटली, "आवाज नाही केला बाबांनी." आत्यानं ओढणीच्या टोकानं त्याची मिशी पुसली. त्यानं पुसू दिली.

सोमवारी पहाटे मुठ्या पहार घेऊन निघाला. विहीर अजून दहा हात न्यायची होती. सूनबाईनं दारातून हाक मारली, "आत्या, येताय ना विहिरीवर?"

"माझं काय काम तिथं?" आत्या अंथरुणातून म्हणाली. "आणि नवा दोर नीट बघून घे म्हणावं त्याला."

पावलं लांब गेली. थोड्या वेळानं चर्चकडून पहारीचा आवाज आला, थप्प, थप्प. मग थांबला. आत्यानं हाक मारली नाही. उशाशी बाटली होती, आठवडाभर मांडीवर सांभाळलेली. तिनं झाकण उघडलं आणि ते सगळं पाणी, एक थेंब न ठेवता, पिऊन टाकलं.